हॅम रेडिओ: भाषा जुळत नाही अशा स्टेशनशी '५९, ७३'च्या पुढं बोलायचं कसं?

नवा_व्हीयू३ (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. हौशी रेडिओचा (हॅमचा) रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना आहे. रिग (रेडिओसंच) शंभर वॅटची, ५० वर ठेवलेली. पुण्यात गच्चीवर २० आणि १५ मीटर बँडचे डायपोल (तारेचे साधे अँटेना). ऐकू भरपूर येतं: दिवसा जपान, संध्याकाळनंतर रशिया, इटली, स्पेन, मधेच इंडोनेशिया. संपर्कही होतात. पण प्रत्येक संपर्क अर्ध्या मिनिटात उरकतो. मी रिपोर्ट देतो ('५९', म्हणजे सिग्नल स्पष्ट आणि जोरदार), ते देतात, 'सेव्हन्टी थ्री' (७३, म्हणजे शुभेच्छा) आणि गायब. पलीकडे कोण माणूस आहे, काय करतो, तिथं पाऊस आहे की बर्फ, काहीच कळत नाही. माझं इंग्रजी कामापुरतं, समोरच्याचं बहुतेक वेळा त्याहून कमी.

विचारायचं हे की संभाषण लांबवायला काही ठरलेली रीत आहे का? माझ्या कॉलसाइनमधला (परवान्यासोबत मिळालेल्या ओळखचिन्हातला) 'व्ही' त्यांना हमखास चुकीचा का ऐकू येतो? आणि मोर्स शिकण्यानं फरक पडेल का, की एफटी८ वर (संगणक जोडून चालतो त्या मोडवर) जावं?

सातारचा_डायपोल

ज्या ठरीव साच्याला कंटाळलात, तोच या कामी तुमच्या उपयोगाचा आहे. क्यू-कोडची (क्यूनं सुरू होणाऱ्या तीन अक्षरी संकेतांची) पहिली यादी ब्रिटिशांनी १९०९ च्या सुमारास जहाजं आणि किनाऱ्यावरची तारायंत्र केंद्रं यांच्यासाठी केली आणि १९१२ च्या लंडन परिषदेनंतर ती सगळीकडे लागू झाली. दोन ऑपरेटरांना एकमेकांचा एक शब्द कळत नसला तरी काम अडू नये, एवढ्यासाठीच ती केलेली आहे. तेव्हा साचा मोडायचा नाही, त्याला एक खोली वाढवायची.

नेहमीचा क्रम असा: रिपोर्ट, नाव, क्यूटीएच (ठिकाण), मग कार्डाचं (संपर्काची पोच म्हणून टपालानं पाठवतात त्या क्यूएसएल कार्डाचं) बोलणं, मग ७३. समोरच्याला हा क्रम तोंडपाठ असतो, म्हणून पुढे काय येणार हे त्याला आधीच माहीत असतं आणि अर्धवट ऐकू आलं तरी त्याचं निभावतं. तुम्ही पहिल्याच ओव्हरमध्ये (बोलण्याच्या पाळीत) नाव, गाव, रिग, हवामान सगळं ओतलंत की तो गोंधळतो आणि सुटका म्हणून ७३ म्हणतो. एका ओव्हरमध्ये एकच नवी गोष्ट, फार तर दोन. पंधरा-वीस सेकंदांच्या वर माइक दाबून ठेवू नका. क्यूएसबीत (सिग्नलच्या चढउतारात) सिग्नल खाली गेला तर लांबलचक वाक्याचा नेमका मधला भाग जातो आणि परकी भाषा ऐकणाऱ्याला तो अंदाजानं भरून काढता येत नाही.

पहिला ओव्हर इतकाच (कॉलसाइनच्या शेपटाजागी 'अबक' घातलंय):

'व्हीयू३अबक. गुड आफ्टरनून. युअर रिपोर्ट फाइव्ह सेव्हन, फाइव्ह सेव्हन. माय नेम अनिल, अल्फा नोव्हेंबर इंडिया लिमा, अनिल. हाउ कॉपी? ओव्हर.'

पूर्ण नाव ज्ञानेश्वर किंवा पुरुषोत्तम असेल तर हवेत ते वापरू नका. तीन-चार अक्षरांचं एक सुटसुटीत नाव ठरवा आणि कायम तेच ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा भेट झाली तर त्याच्या लॉगमध्ये तेच सापडेल. गाव दुसऱ्या ओव्हरला. 'पुणे' कुणाला माहीत नसतं, 'पुणे, नियर मुंबई' लगेच कळतं. नागपूरकरांनी 'सेंटर ऑफ इंडिया' म्हणावं.

वाढवलेली खोली यानंतर येते, कार्डाच्या बोलण्याच्या आधी. नियम एकच: ज्याचं उत्तर आकड्यात किंवा विशेषनामात येईल असाच प्रश्न विचारायचा. 'तुमच्याकडे हॅमची परिस्थिती कशी आहे' असं विचारलंत की समोरचा संपलाच. त्याऐवजी:

'व्हॉट अँटेना?' उत्तर 'यागी, थ्री एलिमेंट' किंवा 'डायपोल'. हे शब्द जगभर तेच आहेत. (यागी हे मुळात जपानी माणसाचं आडनाव. १९२६ साली तोहोकू विद्यापीठातून उदा आणि यागी या जोडीनं ती रचना मांडली. जपानी ऑपरेटरला 'यागी-उदा' असं पूर्ण नाव घेऊन दाखवा, पलीकडचा सूर बदललेला ऐकू येतो.)

'टेंपरेचर?' आधी आपलं सांगायचं: 'हिअर थ्री फोर डिग्री, सन.' मग तो सांगतो 'मायनस वन वन, स्नो.' व्याकरण शून्य, पण पुण्यातल्या उन्हात बसून सैबेरियातला बर्फ ऐकायची गंमत पुरेपूर येते. अमेरिकन असेल तर आकडा फॅरनहाइटमध्ये येईल हे लक्षात ठेवा.

'हॅम रेडिओ, हाउ मेनी इयर्स?' हा सगळ्यात हुकमी प्रश्न. उत्तर नुसता आकडा, पण तो ५० निघाला की त्यामागून माणूस आपण होऊन बोलू लागतो. वय थेट विचारू नका, हा प्रश्न ते काम सभ्यपणे करतो.

रिपोर्ट खरा द्या, हे फार जण करत नाहीत. पहिला आकडा आर, म्हणजे वाचनीयता (दुसरा सिग्नलच्या जोराचा): ५ पूर्ण स्पष्ट, ४ जवळपास विनाअडचण, ३ बऱ्याच कष्टानं, २ म्हणजे मधूनमधून एखादा शब्द. तुम्ही 'फाइव्ह नाइन' दिलंत आणि लगेच नाव पुन्हा विचारलंत, तर त्याला वाटतं ऐकू येतंय पण याला समजत नाहीये, आणि तो संकोचतो. 'थ्री फाइव्ह' दिलंत तर दोष बँडवर जातो, माणसावर नाही. तो हळू होतो, प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणतो. स्पर्धेत सगळेच ५९ देतात, ते सोडून द्या.

स्पर्धेवरून आठवलं. तीस सेकंदांत गायब होणारे यातलेच असू शकतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी किंवा एखाद्या मोठ्या पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला अनेक जण एकदम हाका मारतात त्या गर्दीत) गप्पांची अपेक्षा करणं म्हणजे लोकलच्या दारात उभं राहून खुशाली विचारणं. आठवड्याच्या मधल्या वारी, बँडच्या वरच्या भागात, जो सावकाश सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) देतोय त्याला हाक मारा. किंवा सरळ स्वतः सीक्यू द्या. तुमच्या सीक्यूला जो उत्तर देतो त्याला सहसा घाई नसते.

व्हिक्टोरिया_युनायटेड

'व्ही'चं सांगतो. मराठी तोंडात इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही बहुधा 'व' होऊन बाहेर पडतात. आपल्याला फरक पडत नाही कारण आपण शब्द ओळखतो. एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) २.४ किलोहर्ट्झच्या फटीतून, त्यात क्यूआरएम (इतर स्टेशनांचा अडथळा), तो 'व' नुसता ओठांचा फुत्कार ऐकू येतो. 'व्हिक्टर' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवून किंचित घासा. जपानी आणि स्पॅनिश कानांना तरीही तो 'ब'च्या जवळचा लागतो, कारण त्यांच्या भाषांत ती जोडी वेगळी धरत नाहीत. दोनदा 'व्हिक्टर युनिफॉर्म' (व्ही, यू) गेलं नाही तर तिसऱ्यांदा 'व्हिक्टोरिया युनायटेड' म्हणा. शब्द लांब, म्हणून अर्धा बुडाला तरी उरलेल्यावरून ओळखू येतो. अक्षरं शब्दांनी सांगायची अल्फा, ब्राव्हो ही १९५६ सालापासून चालत आलेली यादी पहिली पसंती, पण युरोप आणि लॅटिन अमेरिकेत गावांची-देशांची जुनी यादी अजून जोरात चालते: अमेरिका, ब्राझील, कॅनडा, जर्मनी, जपान, किलोवॅट, लंडन, मेक्सिको, ओंटारिओ, सँटियागो, टोकियो, योकोहामा, झांझिबार. ती ऐकून ओळखता आली पाहिजे. नाहीतर कुणी 'किलोवॅट' म्हणाला की तुम्ही त्याची पॉवर लिहून घ्याल.

एक मोठी गैरसमजूत. समोरच्याला कळलं नाही की आपण वाक्य बदलून सांगतो: 'माय क्यूटीएच', मग 'आय ॲम लिव्हिंग इन', मग 'द सिटी इज'. प्रत्यक्ष समोर बसलेल्या माणसाशी ते चालतं. रेडिओवर चुकीचं. त्याला पहिल्या वेळी अर्धा शब्द मिळालाय, दुसऱ्या वेळी उरलेला अर्धा मिळवायला तो टपून बसलाय, आणि तुम्ही शब्दच बदललात. तेच शब्द, त्याच क्रमानं, फक्त हळू. आवाज चढवू नका. चढवला तर एएलसी (रिगची ताकद आपोआप आवरणारी सोय) पट्ट्याबाहेर जातं, आवाज फाटतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर शिंतोडे उडतात आणि व्यंजनं आणखी पुसट होतात.

माइक तोंडापासून चार बोटं आणि जरा तिरका, म्हणजे 'प', 'फ'चे फटके बसत नाहीत. रिगमध्ये ट्रान्समिट इक्वलायझर असेल तर खालचा खर्ज कापा, १ ते ३ किलोहर्ट्झचा भाग थोडा उचला. भारदस्त आवाज गावातल्या नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या मंडळींत) छान वाटतो, पण परक्या भाषेत शब्द ओळखायला व्यंजनं लागतात आणि ती वरच्या भागात असतात. कॉम्प्रेशन हलकं ठेवा. ऐकतानाही तेच. क्यूआरएमला वैतागून फिल्टर १.८ किलोहर्ट्झवर आणलात की 'स', 'फ', 'थ' गेलेच.

आकडे सुटे बोला. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' गोंगाटात सारखेच. 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो'. नऊ आणि पाचचा घोळ होत असेल तर 'नाइनर' म्हणा.

डिटडा

मोर्सनं फरक पडेल का विचारताय? मोर्समध्ये उच्चारच नसतात. तुमचा व्ही आणि टोकियोतला व्ही तंतोतंत एकच, तीन टिंबं आणि एक रेघ. आणि तिथं सगळेच तोडकंमोडकं बोलतात, अगदी इंग्रजी मातृभाषा असलेलेसुद्धा. जीई म्हणजे शुभ संध्याकाळ, डब्ल्यूएक्स म्हणजे हवामान, एफबी म्हणजे झकास, एचडब्ल्यू म्हणजे कसं ऐकू येतंय, टीयू म्हणजे आभार. पूर्ण वाक्य बोलणारा तिथं उलट विचित्र ठरतो. भाषा कच्ची असलेल्या माणसाला यापेक्षा समतल जमीन कुठे मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

शिकताना टिंब-रेघांचे तक्ते पाठ करू नका. डोळ्यांनी शिकलेलं मोर्स पाच-सात शब्दांच्या वेगावर अडकतं, कारण प्रत्येक अक्षराला मनातला तक्ता उघडावा लागतो. कोख पद्धत घ्या: के आणि एम या दोनच अक्षरांपासून सुरुवात, अक्षराचा वेग पहिल्यापासून २० शब्द प्रतिमिनिट, शंभरात नव्वद बरोबर आली की तिसरं अक्षर. फार जड गेलं तर अक्षराचा वेग तोच ठेवून दोन अक्षरांमधली जागा वाढवा. माप असं: रेघ म्हणजे तीन टिंबं, अक्षराच्या आत फट एक टिंब, अक्षरांमध्ये तीन, शब्दांमध्ये सात. ८ शब्दांच्या वेगाला टिंब ०.१५ सेकंदाचं, १५ ला ०.०८. नवशिक्याचं बिघडतं ते टिंबांत नव्हे, फटींत. अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि समोरच्याला भलतंच ऐकू येतं.

ज्या वेगानं घेता येतं त्याच वेगानं पाठवा. मशीनवर २५ नं सीक्यू देऊन २५ नं उत्तर आल्यावर गांगरणं हा नेहमीचा प्रकार. क्यूआरएस म्हणजे 'हळू'. ते पाठवायला लाजू नका, चांगला ऑपरेटर लगेच उतरतो. सुरू करण्याआधी 'क्यूआरएल?' (इथं कुणी आहे का?) विचारून फ्रिक्वेन्सी रिकामी आहे ना पाहायचं. तुमच्याशी बोलणं चाललं असताना तिसरा घुसू नये म्हणून ओव्हरच्या शेवटी के (बोला) ऐवजी केएन (फक्त तुम्हीच बोला).

चारपाच ओव्हरचा एक ठोकळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: आभार, आरएसटी (मोर्समधला तीन आकडी रिपोर्ट), नाव, क्यूटीएच, एचडब्ल्यू. मग रिग, अँटेना, डब्ल्यूएक्स, वय किंवा हॅमची वर्षं. सातारकरांनी वर सांगितलेली खोली इथंही तशीच चालते, फक्त प्रत्येक वस्तू दोन-तीन अक्षरांत मावते. ७३ शेवटी येतं तेव्हा कान देऊन ऐका, प्रत्येकाच्या हाताची ढब वेगळी असते. हातकळीवर पाठवणारे जुने लोक त्यावरून एकमेकांना कॉलसाइनच्या आधी ओळखतात.

एमके६५

डिटडा यांचं प्रेम समजू शकतो, पण मोर्स हाताशी यायला महिने लागतात. तोवर काय?

एफटी८ बद्दल आधी स्पष्ट बोलतो: ते संभाषण नव्हे. २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी ते आणलं (टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते), तेच मुळी अगदी क्षीण सिग्नलवर कमीत कमी माहिती पोचवण्यासाठी. १५-१५ सेकंदांच्या पाळ्या, ५० हर्ट्झ रुंदी. दोन कॉलसाइन, एक लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत), एक रिपोर्ट, आरआर७३ (मिळालं, शुभेच्छा), संपलं. मोकळा मजकूर १३ अक्षरं. त्यात कुणाची विचारपूस करणार? पण वायफळही नाही. १४.०७४ किंवा २१.०७४ मेगाहर्ट्झवर दहा मिनिटं नुसतं पाहिलंत की आत्ता कुठला देश उघडा आहे हे कळतं. मग तिथून वर एसएसबीच्या भागात जाऊन त्या देशाचा माणूस शोधायचा. काहीच डीकोड होत नसेल तर आधी संगणकाचं घड्याळ पाहा. एखाद्या सेकंदापेक्षा जास्त चुकलं की पडदा कोरा राहतो.

टाइप करून गप्पा हव्यात तर संगणकावरचे दुसरे मोड, पीएसके३१ (२० मीटरवर १४.०७० च्या आसपास) किंवा जेएस८ (१४.०७८). पीएसके३१ चा वेग साधारण हातानं टाइप करण्याइतका. ऐकण्याची-उच्चाराची अडचण नाही, आणि समोरच्याचा मजकूर पडद्यावर असतो, त्यामुळे न कळलेलं वाक्य भाषांतराच्या ॲपमध्ये टाकता येतं. दोन सूचना. एक, भाषांतरासाठी लहान, पूर्ण वाक्यं लिहा. क्यू-कोड आणि आद्याक्षरं ॲपला कळत नाहीत आणि भलताच अर्थ निघतो. दोन, जपानी किंवा रशियन लिपी पाठवायचा अट्टहास नको, साध्या रोमनमध्येच राहा. या मोडमध्ये रिग सलग पूर्ण ताकदीनं चालते, म्हणून ५० ऐवजी २५-३० वॅट ठेवा आणि एएलसीचा काटा हलू देऊ नका. हलला की सिग्नल रुंद होतो आणि शेजारचे चार जण बंद पडतात.

लोकेटर पाठ असू द्या. हा भाषेविना पत्ता आहे: पुणे एमके६८, मुंबई एमके६९, कोल्हापूर एमके७६, सोलापूर एमके७७, नागपूर एमएल९१, आणि आमची पणजी एमके६५. एक चौकोन रेखांशात दोन अंश, अक्षांशात एक अंश. 'पुणे'चं स्पेलिंग सांगून दमण्यापेक्षा 'माइक किलो सिक्स एट' म्हणा, तो नकाशावर बोट ठेवेल.

नवा_व्हीयू३

सगळ्यांचे आभार. 'तेच शब्द पुन्हा' हे तर डोक्यातच आलं नव्हतं. अजून दोन शंका. जपानी लोकांशी १४ मेगाहर्ट्झवर (२० मीटर बँडवर) फारसं कुणी साधं बोलणारं सापडत नाही, सगळे मोठे मोठे स्टेशनवाले. का? आणि त्यांच्या भाषेतले एक-दोन शब्द वापरले तर बरं वाटतं की आगाऊपणा?

व्हिक्टोरिया_युनायटेड

पहिल्याचं उत्तर परवान्यात आहे. जपानमध्ये परवान्याचे चार वर्ग आहेत. चौथ्या वर्गाला एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) १० वॅट, मोर्स नाही, आणि १०, १४, १८ मेगाहर्ट्झ बंद. तिसऱ्या वर्गाला ५० वॅट आणि १८ उघडा, पण १० आणि १४ नाहीच. म्हणजे १४ वर भेटतो तो किमान दुसऱ्या वर्गाचा, सहसा मोठ्या अँटेनावाला. घरातल्या गॅलरीत वायर बांधून बसलेला साधा माणूस २१, २४ आणि २८ वर असतो. तुमचा १५ मीटरचा डायपोल आहेच, सकाळपासून दुपारपर्यंत २१ वर घालवा. सिग्नल कमी येईल कारण समोर १० वॅट आहेत, पण हातात वेळ असलेली माणसं तिथंच मिळतात. कॉलसाइनमधल्या आकड्यावरून भाग ओळखता येतो: १ टोकियोच्या परिसरात, ३ ओसाका-क्योतोकडे, ६ क्यूशू, ८ होक्काइदो. '८' ऐकल्यावर हिवाळ्यात 'स्नो?' विचारलंत की गाडी रुळावर. घर बदलूनही जुनंच कॉलसाइन ठेवणारे असतात, म्हणून गाव विचारून खात्री करा.

डायपोलची दिशाही बघा. पुण्याहून टोकियो साधारण ६० अंशांवर आहे, म्हणजे ईशान्येपेक्षा जरा पूर्वेला. डायपोल तारेच्या आडव्या अंगाला जास्त बोलतो. तार वायव्य-आग्नेय ताणली तर जपान चांगला. ईशान्य-नैर्ऋत्य ताणली तर युरोप, कारण तो वायव्येला.

शब्दांबद्दल: वापरा, पण शेवटी. सुरुवातीलाच 'कोन्निचिवा' म्हणालात की त्याला वाटतं याला जपानी येतं, आणि पुढचं अर्धं मिनिट धबधबा. निरोपाच्या ओव्हरमध्ये 'अरिगातो गोझाइमासु, सेव्हन्टी थ्री' म्हणा. गैरसमजाला जागा नाही आणि ऐकणारा खूश. बरेचदा उलट 'नमस्ते' येतं, तेही शेवटीच. वेळेचं अभिवादन त्यांच्या घड्याळानं करायचं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, तेव्हा पुण्यात दुपारचे तीन वाजले असतील तर तिथं साडेसहा, म्हणजे 'कोनबानवा'. पश्चिम इंडोनेशिया दीड तास पुढे, निरोपाला 'तरीमा कासिह'. मॉस्को अडीच तास मागे, 'स्पासीबा'. इटली उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, 'ग्रात्सिए'.

आणि नकारार्थी प्रश्न विचारू नका. 'यू डोंट यूज ब्युरो?' (ब्युरो म्हणजे कार्डं गठ्ठ्यानं पोचवणारं संघटनांचं केंद्र) याला जपानी माणूस 'येस' म्हणाला तर अर्थ 'बरोबर, वापरत नाही'. आपल्या 'हो, नाही वापरत'सारखंच, पण इंग्रजीच्या नादात आपण उलटा अर्थ घेतो. 'कार्ड व्हाया ब्युरो, ओके?' असं सरळ विचारा.

विषयांचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय नियम हौशी स्टेशनांना तांत्रिक गोष्टी आणि वैयक्तिक स्वरूपाचं बोलणं एवढीच मुभा देतात. राजकारण, धर्म, व्यापार वर्ज्य. भाषा कच्ची असताना त्या विषयांत शिरण्यात शहाणपण तसंही नाही. रशिया किंवा इस्रायलच्या स्टेशनला काळजीपोटीसुद्धा युद्धाचं विचारू नका. चहा, बाग, मासेमारी, नातवंडं, यांवर कुठल्याही देशाचा माणूस दोन शब्द जास्त बोलतो.

सातारचा_डायपोल

थोडी भर. सप्टेंबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी ऑल एशियन स्पर्धेची फोन फेरी असते, जपानच्या संघटनेची. तिथं अनुक्रमांकाऐवजी ऑपरेटरचं वय देतात. 'फाइव्ह नाइन सेव्हन टू' आलं म्हणजे पलीकडे ७२ वर्षांचे आजोबा आहेत. कानाला परके उच्चार बसायला दोन दिवसांची याहून चांगली शिकवणी नाही, आणि मजकूर ठरलेला असल्यानं चुकायची भीती नाही.

बोलण्याआधी बँडचा अंदाज घ्यायचा असेल तर १४.१०० आणि २१.१५० वर बीकन (ठरलेल्या वेळी आपोआप वाजणारी खुणेची स्टेशनं) ऐका. जगभरातली १८ स्टेशनं तीन मिनिटांच्या फेरीत दहा-दहा सेकंद वाजतात: आधी मोर्समध्ये कॉलसाइन, मग चार लांब रेघा, १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि ०.१ वॅटच्या. जपानच्या बीकनची तिसरी रेघ ऐकू आली तर तुमच्या ५० वॅटना काही अडचण नाही.

ऐकणारी_शेजारीण

परवाना नसलेल्यांनी काय करावं? परीक्षेला अजून अवकाश आहे, पण वर वाचून ऐकावंसं वाटतंय.

एमके६५

ताई, ब्राउझरमध्ये वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) उघडा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा प्रसिद्ध आहे. बँड २० मीटर, मोड यूएसबी (एसएसबीचा वरचा भाग, एलएसबी हा खालचा). १० मेगाहर्ट्झच्या वर यूएसबी, खाली एलएसबी, उलट लावलंत तर बदकासारखा आवाज येईल. वही घ्या आणि फक्त तीन गोष्टी टिपा: कॉलसाइन, नाव, गाव. पंधरा संपर्क टिपून झाले की क्रम आपोआप कळतो. एक ध्यानात ठेवा, तिथं ऐकू येतंय ते नेदरलँड्सच्या अँटेनाला येतंय, पुण्यात तोच बँड त्या वेळी मेलेला असू शकतो. कतारच्या एस्हेल-२ उपग्रहावरचा हौशी ट्रान्सपाँडरही (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र) वेबवर ऐकता येतो. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतची माणसं एकाच फटीत, चोवीस तास, क्यूएसबी नाही. परक्या उच्चारांची सवय करायला तो सगळ्यात सोपा, कारण आवाज स्थिर असतो.

डिटडा

कार्डाचं कुणी नीट सांगितलं नाही, तेवढं सांगतो. बोलणं तीस सेकंदांचं असलं तरी कार्डावर जागा असते, आणि जे हवेत जमलं नाही ते मागच्या बाजूला दोन ओळींत लिहिता येतं.

आकार ९ बाय १४ सेंटिमीटर. ब्युरोतले गठ्ठे त्या मापाचे बांधतात, मोठं कार्ड दुमडतं. समोरच्याचं कॉलसाइन ठळक, शून्यावर तिरकी रेघ. तारीख आणि वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधीचा संपर्क यूटीसीत आदल्या दिवशी पडतो आणि सर्वाधिक कार्डं इथंच चुकतात. महिना आकड्यात लिहू नका. ०५/०६ म्हणजे कुणाला ५ जून, कुणाला ६ मे. रोमन अक्षरांत महिन्याचं नाव घाला. मग बँड, मोड, रिपोर्ट, सही. खाडाखोड झाली तर नवीन कार्ड घ्या, दुरुस्त केलेलं कार्ड पुरस्कारांसाठी धरत नाहीत.

चित्र स्वतःच्या गावाचं टाका. रिगचा फोटो सगळ्यांच्या कार्डावर असतो. शनिवारवाडा, सिंहगड, पावसातला घाट, काहीही चालेल, खाली रोमनमध्ये एका ओळीत ते काय आहे ते. मागे हातानं लिहायचं ते त्याच्याच बोलण्यातलं असू द्या: 'तुमच्याकडे उणे ११, इथं ३४', 'पन्नास वर्षांच्या हॅमला नमस्कार', सोप्या इंग्रजीत. खाली मराठीत सही करा, ती लोकांना आवडते.

ब्युरोनं कार्ड जायला-यायला कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात. घाई असेल तर थेट पोस्टानं पाठवा, आत स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवा. पाकिटाच्या बाहेर मात्र कॉलसाइन लिहू नका. काही देशांत असं पाकीट दिसलं की आत परतीच्या टपालाचे पैसे असणार हे ओळखून ते वाटेतच फोडतात.